दादाच्या हातचा हिरवा

वहिनीनं नुसती फ्रेमच आणली. चाकं, हँडल, सीट घरीच काढून ठेवून, जुन्या चादरीत गुंडाळलेला तो सांगाडा तिनं धाकट्या दिराच्या टेबलावर अलगद ठेवला, तान्हं लेकरू निजवावं तसा.

दादा जाऊन आठ महिने झाले होते. सायकली रंगवायचं दुकान दोघा भावांचं, पण गिऱ्हाईक आत शिरलं की प्रश्न ठरलेला: "मोठे आहेत का?" वीस वर्षं धाकट्यानं तो ऐकला. त्याचं काम वाईट नव्हतं. पण दादाच्या हातचा थर असा बसायचा की वाकलं तर त्यात तोंड दिसावं, आणि नळ्यांवरच्या सोनेरी रेघा तो श्वास रोखून एका दमात ओढायचा. दादा गेला तरी छळ सरला नाही. आता गिऱ्हाइकं सुस्कारा टाकत: "मोठ्यांचा हातच वेगळा होता हो."

"भाऊजी, खालच्या नळीवर दोन टवके उडालेत," वहिनी म्हणाली. "तेवढेच भरा. बाकी कशाला हात लावू नका. ह्या रेघा त्यांनी लग्नाच्या आदल्या आठवड्यात ओढल्यात, माझ्यासाठी."

"काळजी सोडा वहिनी."

"तुम्हाला जमेल ना पण, तसाच हिरवा?"

तिनं आपलं सहज विचारलं. ती रस्त्याला लागली आणि धाकट्यानं रंग काढायच्या औषधाचा डबा उघडला.

औषध लागताच हिरव्यावर सुरकुत्या आल्या, फोड आले, मग तो सायीसारखा सुटला. पत्र्यानं खरवडताना सोनेरी रेघा लगद्यात गेल्या. धाकट्याला एक तरी चूक हवी होती. सांध्यात राहून गेलेला गंज, घाईत मारलेला प्रायमर, काहीही. त्यानं भिंग लावून सांधा न् सांधा पाहिला. पोलाद कोरं करकरीत होतं.

मग त्याचं डोकंच फिरलं. कोपऱ्यातल्या भंगार फ्रेमचा गंज त्यानं खरवडला आणि कागदाच्या पुडीत बांधून ठेवला.

चार दिवसांनी वहिनी आली. उघडी फ्रेम बघून ती मटकन स्टुलावर बसली. "हे काय केलंत?"

त्यानं पुडी सोडली. "हे निघालं सांध्यांतून. दादानं गंज न काढताच वर रंग चढवला होता. अजून थोडी चालवली असती, तर फ्रेम मोडून तोंडावर आपटला असतात."

"असं कसं? ते तर तासन् तास घासत बसायचे."

"गेलेल्या माणसाबद्दल मी काय बोलू? चमक छान होती, एवढं खरं."

वहिनीनं गंज बोटावर घेतला. "निदान माझ्या सायकलला तरी..." ती म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडली. खरं बोलायची वेळ तीच होती. धाकट्यानं तिला पाणी दिलं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. दादानं रंगवलेल्या सायकली लोक स्वतःहून आणू लागले. "एकदा आतून बघून घ्या बुवा." धाकट्यानं अकरा फ्रेमा खरवडल्या. अकराही आतून स्वच्छ निघाल्या आणि अकरा जणांना त्यानं पुडी दाखवली. मोठ्यांचं नाव दुकानात निघेनासं झालं.

वहिनीच्या फ्रेमवर त्यानं मारलेला नवा हिरवा मात्र चार महिन्यांत फुगला. सांध्यांतलं औषध त्यानं नीट धुतलंच नव्हतं. तिनं फ्रेम टेबलावर ठेवताच फोड कशाचे ते त्याला कळलं.

"तुमचा काय दोष भाऊजी," वहिनीच म्हणाली. "लोखंडच नासवून ठेवलंय त्यांनी. मी आयुष्यभर त्यांचं कौतुक करत राहिले आणि तुम्हाला मात्र जमेल का म्हणून विचारलं. मनात ठेवू नका. त्यांचा फोटोही काढून कपाटात टाकला मी. बघवेना." तिनं डोळे पुसले. "आता हिरवा नको. रेघाही नकोत. काळा मारा."

"काळा छान बसेल," धाकटा म्हणाला आणि त्यानं डब्याचं झाकण काढलं.