कावळ्याची साक्ष

उत्तरेकडच्या एका रेल्वे स्थानकावर स्फोट झाला, त्रेसष्ट माणसे मेली, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत खर्ड्याजवळच्या एका गावात त्या स्फोटाची चार स्पष्टीकरणे तयार झाली. तो सरकारने घडवला. तो शेजारी देशाने सरकारला विचारून घडवला. तो विम्यासाठी होता. आणि तो झालाच नाही. चारही मते एकाच पारावर, एकाच माणसाच्या तोंडून मांडली जात, आणि त्यांचे आपसांत कधी भांडण होत नसे. एवढी सहिष्णुता त्या गावाने दुसऱ्या कोणत्याही बाबतीत दाखवल्याची नोंद नाही.

तो माणूस म्हणजे श्रीमंत गुरुजी. पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला छत्तीस वर्षे अंगठे धरून उभे करणारे गुरुजी निवृत्तीनंतर, मोबाईल हाती येताच, एकाएकी जिज्ञासू झाले होते. त्यांना सगळ्यांविषयी प्रश्न पडत. मोबाईलविषयी मात्र पडत नसत.

मेलेल्यांत त्याच गावचा बजरंग होता. सुप्याच्या कारखान्यात फिटर. बायकोला, सुरेखाला, घेऊन देवदर्शनाला गेलेला. स्फोटाच्या क्षणी ती त्याच्यापासून दोन हातांवर होती. दंडात लोखंडाचा तुकडा घुसूनही ती वाचली, आणि तो तिच्यासमोर गेला. अर्थात, तिला कोणी काही विचारले नाही. प्रत्यक्ष पाहणाऱ्याकडे एकच हकीकत असते, आणि गावाची गरज किमान चार हकीकतींची होती.

मृतदेह पुण्याच्या विमानतळावर सीलबंद पेटीत आला. गावातल्याच कमरुद्दीनने तो आपल्या टेम्पोतून गावी आणला. ‘पेटी उघडू नका,’ असे बरोबरच्या कागदावर लिहिले होते. म्हणून ती तशीच चितेवर गेली. गुरुजींचे सारे तत्त्वज्ञान या न उघडलेल्या पेटीवर उभे राहिले. मग त्यांना स्फोटानंतरच्या स्थानकाचा एकोणीस सेकंदांचा एक व्हिडिओ सापडला. त्यात चौदाव्या सेकंदाला चौकड्याच्या शर्टातला एक माणूस पाठमोरा चालत जातो. बजरंग घरून निघाला तो तसल्याच शर्टात. गुरुजींनी तो बजरंगच्या आईला, रंगुबाईला, दाखवला. रंगुबाईने रडणे थांबवले. घरात दोनच बायका उरल्या होत्या. एक विधवा होती, आणि दुसरीचा मुलगा चौदाव्या सेकंदाला चालत होता. सुरेखाला सासूच्या गळ्यात पडून रडायचे होते. सासू मुलासाठी रोज दोन भाकरी झाकून ठेवत होती.

दहाव्याला सकाळी तलावाकाठी मांडव पडला. आधी प्रवचन झाले, मग श्रद्धांजलीची भाषणे. मयताच्या निमित्ताने मिळालेला माईक कोणी पाच मिनिटांत सोडत नाही. सरपंचांनी तर मंजूर रस्त्याचाही उल्लेख केला. मग बजरंगचा चुलतभाऊ बिभीषण याने पिंड ठेवला आणि सगळे बाभळीकडे बघत बसले.

कावळे होते. पिंडाला शिवत नव्हते.

“बजा, आईची काळजी करू नको, आमी हाय,” बिभीषण हात जोडून म्हणाला. कावळे ढिम्म. मग कोणी बैलजोडीचे वचन दिले, कोणी बोअरचे. पाऊण तास गेला. अशा वेळी भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि माणसे जेवायला बसतात. भटजींनी दर्भ हातात घेतलाही. पण गुरुजींनी माईक घेतला.

“थांबा! कावळा का शिवत नाही? जो मेलाच नाही, त्याच्या पिंडाला तो शिवेल कसा?”

कागदपत्रे, शवचिकित्सा, त्रेसष्ट नावांची यादी यांपैकी कशावरही विश्वास न ठेवणाऱ्या या संशोधकाने अखेर एक साक्षीदार विश्वासार्ह मानला होता, आणि तो बाभळीवर बसला होता.

“गुरुजी, पेटी मी आनली,” मागून कमरुद्दीन म्हणाला. “चौघांनी उचलली तवा खांदं भरून आलं. त्यात काय दगडं हुती का?”

“तेच विचारतोय. आणि पेटी नेमकी तुझ्याच टेम्पोत कशी?”

“कारन तुमच्या पुतन्याला फोन केल्ता, तर तो म्हनला, मयताचं भाडं घेत न्हाई.”

दोघेचौघे हसले. पण रंगुबाई उठली होती. तिने भटजींच्या हातातला दर्भ ओढून घेतला. “माझा बजा जिता हाय. कुनी पिंडाला हात लावायचा न्हाई.”

ती पिंड अडवून बसली, तशी सुरेखा तिच्यासमोर जाऊन बसली. “आत्याबाई, त्यो शर्ट त्यांच्या अंगावर ऱ्हायलाच नव्हता. पडल्या पडल्या त्यांनीच मला काढाय लावला. म्हनले, दंडाला बांध, रगत थांबंल. दवाखान्यात तो माझ्या दंडावरनं कापून काढला.”

“शर्ट दुसराही असू शकतो,” गुरुजी माईकवरून म्हणाले. “आणि नवरा गेला, तर ही कशी वाचली, याचाही विचार—”

कमरुद्दीनने माईकची वायर उपटली. त्या सकाळचे ते एकमेव निर्विवाद विधान होते.

रंगुबाई सुरेखाच्या दंडावरच्या पट्टीकडे बघत राहिली. दहा दिवसांत तिने सुनेला पहिला प्रश्न विचारला.

“म्हंजी बोलत हुता?”

“व्हय.”

“किती येळ?”

“धा मिनटं असंल.”

“लई दुखत हुतं का गं त्याला?”

न्हाई म्हणणे सोपे होते. ऐकणारीला हवे ते सांगण्यात तो गाव दहा दिवस कुठेही कमी पडला नव्हता.

“लई,” सुरेखा म्हणाली. “तुमचं नाव घेत हुते. पानी मागितलं. मी बाटली लावली, पर गिळता आलं न्हाई.”

रंगुबाईच्या तोंडून जो आवाज निघाला, त्याने बाभळीवरचे कावळे उडाले. ती सुनेच्या मांडीत कोसळली, आणि सुरेखाने जखमी हातानेच तिला धरले. बऱ्याच वेळाने म्हातारीने मुठीतला चुरगळलेला दर्भ नीट केला आणि स्वतःच्या हाताने पिंडाला लावला.

पंगत बसली. गुरुजी पहिल्याच ओळीत होते. बुंदी वाढून घेताना ते शेजारच्याला हलक्या आवाजात पटवून देत होते, की म्हातारीवर दबाव आणला गेला आहे.