न दाखवलेला खड्डा

"सायकल तू घेऊन जा," कोंडू म्हणाला. "माझ्या काय कामाची आता? हितं गंजून जायची."

किशनच्या हातातला चहाचा कप तोंडापाशीच थांबला. सायकल समोर कुडाला टेकवलेली होती. पुढचं चाक वाकडं झालेलं, बाकी सगळी धुऊनपुसून लख्ख. डावा हात झोळीत अडकलेल्या माणसाने ती एका हाताने कशी पुसली असेल कोण जाणे.

"अरे, खांदा सांधेल की," किशन म्हणाला. "डॉक्टर बोलला ना, दीड महिना. पावसाळा संपला की परत रेसा चालू."

"खांद्याचं न्हाय रं. डोस्क्याचं हाय."

आज हवा गरम आहे म्हणावं, इतक्या सहज कोंडू हे बोलला. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती, त्यातला कचरा निवडत कोंडूची बायको बकुळा बसली होती. तिने मान वर केली नाही.

किशन वडपे गावच्या नळयोजनेवर पाणी सोडतो. कोंडू तिथल्याच एका गोदामात माल चढवतो. दोघांनी पन्नाशी गाठली आणि दोघांनाही एकदमच अवदसा आठवली. सेकंडहँड रेसिंग सायकली घेतल्या, घट्ट चड्ड्या घातल्या आणि पन्नाशीवरच्या गटात रेसा मारायला लागले. टपरीवरचे लोक हसायचे. किशनची बायको मनिषा तर म्हणायची, पोराबाळांची लग्नं करायच्या वयात हे काय थेर. सहा सीझन असे गेले. कोंडू दर वर्षी एखादं तरी पदक आणायचा. किशन चौथा, नाहीतर पाचवा. शेवटच्या दोनशे मीटरला कोंडू मागून सुटायचा, आणि किशनला नुसती त्याची पाठ दिसायची. दोस्त जिंकला याचा आनंद व्हायचा, नाही असं नाही. पण सहा वर्षं दुसऱ्याच्या पदकाचे पेढे खाऊन माणसाचं तोंड कडू होतंच.

मार्चअखेरची रेस सीझनमधली शेवटची. या खेळात पुढचा माणूस वारा कापतो आणि मागचा त्याच्या चाकाला चिकटून दम वाचवतो. मागच्याला पुढच्याच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही, म्हणून खड्डा आला की पुढच्याने हात खाली करून बोट दाखवायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण न पाळणाऱ्याच्या मागे कोणी सायकल लावत नाही. त्या दिवशी शेवटच्या किलोमीटरला किशन पुढे, कोंडू मागे. वडप्याच्या अलीकडे रस्त्यात पाण्याचं चेंबर आहे, ट्रेलर जाऊन जाऊन त्याचं झाकण वीतभर खचलेलं. ते चेंबर रोज सकाळी किशनच उघडतो. झोपेतून उठवलं तरी त्याने ते झाकण दाखवलं असतं.

हात सुटला तर वेग मोडेल आणि कोंडू पुढे जाईल, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याने चाक अलगद बाजूला काढलं आणि हात हँडलवरच ठेवला. मागे धाडकन आवाज झाला. त्याने वळून पाहिलं नाही. तिसरा आला. मग मात्र धावत मागे गेला, कोंडूचं डोकं मांडीवर घेतलं, ॲम्ब्युलन्समधून त्याच्याबरोबर गेला. सगळ्या पाड्यात नाव झालं, दोस्त असावा तर असा.

"डोस्क्याचं म्हणजे काय?" किशनने आता विचारलं.

"तू हात दावलास आन मला दिसला न्हाय," कोंडू म्हणाला. "सहा वरसं तुझ्या मागं हाय मी, तुझा हात कदी चुकला न्हाय. डोल्याच्या डाक्टरकडं गेलतो. तो म्हनं डोलं झकास. मंग ऱ्हायलं काय? माझ्या बापाचंबी असंच झालतं. शेवटाला त्याला घर वलखंना. सुपरवायझरला सांगून टाकलंय, मला मालावर नको ठेवू. कुनाच्या अंगावर पेटी टाकीन."

"सकाली उठलं का पोरींची नावं म्हनून बगतात," बकुळा म्हणाली. "इसरलो तर न्हाय म्हून."

किशनने कप खाली ठेवला. गेले अठरा दिवस तो रोज घरून निघताना ठरवायचा, आज सांगायचं. आणि रोज इथे येऊन सफरचंदं ठेवून परत जायचा. त्याला स्वतःची शिसारी आली.

"कोंडू, मी हात दाखवलाच नव्हता."

कोंडूने त्याच्याकडे पाहिलं. "इसरलास?"

वाट मोकळी होती. हो म्हटलं असतं तर सुटला असता.

"नाय. झाकण दिसलं होतं मला. तू पुढे जाशील म्हणून नाय दाखवला."

कोंडूच्या तोंडावर आधी काही उमटलं नाही. मग तो हळूहळू हसायला लागला.

"बकुला, ऐकलास? हात नव्हताच. माझं डोस्कं धड हाय."

बकुळा हसली नाही. तिची बोटं फुलांवर थांबली होती. कोंडूही हसता हसता थांबला.

"मंग आजपावतर का न्हाय बोललास?"

"लाज वाटली."

"पडलो त्याचं काय न्हाय," कोंडू म्हणाला. त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "रेस हाय. माझ्याबी मनात कदी काय काय आलं असंल. हाडाचं काय, तं सांधल. पन तू रोज येत व्हतास. हितंच बसत व्हतास. आन मी तुझ्याम्होरं म्हनत व्हतो, डोस्कं गेलं माझं."

मी उद्याच सुपरवायझरकडे जातो, त्याला सगळं सांगतो, असं किशन कसंबसं म्हणाला.

"माझा मी सांगन," कोंडू म्हणाला.

तो उठला आणि सायकलीपाशी गेला. उजव्या हाताने हँडल धरून त्याने ती उचलली. पुढचं वाकडं चाक वर धरून, मागच्या चाकावर ढकलत, तो ती घरात न्यायला लागला. उंबऱ्याशी मागचं चाक अडलं. किशन घाईने पुढे झाला आणि त्याने सीट धरली.

कोंडू थांबला. मागे वळला नाही. नुसता उभा राहिला, वजन एका हातावर पेलत, दंड थरथरायला लागला तरी. किशनने सीटवरचा हात काढला. मग कोंडूने एक हिसका दिला आणि सायकल उंबऱ्यावरून आत घेतली.