वकिलातीच्या गाडीवरचा झेंडा

मित्रांनो, जर्मनीतल्या इंगोलश्टाट शहरातल्या एका चर्चमधल्या कपाटात, मेणबत्त्यांच्या खोक्यावर, पिवळ्या-पांढऱ्या कापडाची घडी दिसली, तर तो मीच. अर्धा फाटलेला आहे, म्हणून ओळखायला वेळ लागेल. पण मी झेंडा आहे. पोपमहाशयांच्या राजदूताच्या गाडीवर मी मानाने फडकत असे.

जर्मनीतल्याच बव्हेरिया प्रांतातल्या एका मठात वयस्कर सिस्टर्सनी मला शिवले. माझ्या पांढऱ्या भागावर त्यांनी पोपच्या चिन्हातल्या दोन चाव्यांचे भरतकाम केले. मग आर्चबिशप लोरेन्झ यांच्या सामानातून मी दूरच्या एका बेटावर गेलो. ते इवलेसे बेट म्हणजे एक स्वतंत्र देश होता आणि तिथल्या व्हॅटिकनच्या वकिलातीत ते राजदूत म्हणून रुजू होत होते. त्यांचे सचिव होते वसईचे फादर विलास. वकिलात कसली, नारळीच्या झाडांतले एक बैठे घर! तरी राष्ट्रीय सणाला मोठमोठ्या देशांच्या गाड्यांशेजारी आमची जुनी गाडी उभी राहिली, की मला फार बरे वाटे. खारा वारा मात्र अंगाला झोंबायचा. फादर विलास मला संध्याकाळी गोड्या पाण्यात बुचकळून वाळत घालत.

२०१४ साली त्या बेटावर मोठे वादळ झाले. तेरेसिया नावाच्या नर्सने रेडिओवर सांगितले, की मदतीचा तांदूळ लोकांना न देता मंत्र्यांच्या गोदामात दडवला आहे. लगेच तिला पकडायला सैनिक निघाले. ती आपल्या लहान मुलीला कडेवर घेऊन आमच्या फाटकातून आत धावत आली.

सैनिक फाटकाबाहेरच थांबले. परवानगीशिवाय कोणत्याही वकिलातीत शिरता येत नाही आणि तिची झेंडा लावलेली गाडीही अडवता येत नाही, असा नियम आहे. त्यांचा कॅप्टन म्हणाला, "तिला बाहेर पाठवा. नाहीतर तुम्हालाच हा देश सोडावा लागेल."

"सोडीन," आर्चबिशप म्हणाले. "पण आधी ती जाईल, आणि सुखरूप जाईल."

बरेच दिवस बोलणी चालली. अखेर तिला शेजारच्या देशात जाऊ द्यायचे सरकारने कबूल केले. वकिलातीचा ड्रायव्हर घाबरून आलाच नाही, म्हणून गाडी चालवायला फादर विलास बसले. आर्चबिशप मागे, मायलेकींजवळ बसले.

विमानतळाच्या वाटेवर, एका पुलापाशी, सैनिकांनी तरीही गाडी अडवली. एकाने मला धरून जोराने ओढले. मी टर्रकन फाटलो आणि चिखलात पडलो.

"आता ही साधी गाडी," तो हसत म्हणाला. "उतरा सगळे."

फादर विलास एकटेच उतरले. त्यांनी मला उचलले, पुन्हा गाडीत बसले आणि खिडकीतून हात बाहेर काढून मला उंच धरले. मग एका हाताने गाडी हळूहळू पुढे नेली. सैनिकांनी बंदुका रोखल्या. चिखलाने मी इतका जड झालो होतो, की फडकताही येत नव्हते.

"जाऊ द्या त्यांना," मागून कॅप्टनचा आवाज आला.

तेरेसियाचे विमान उडाले. थोड्याच दिवसांत आर्चबिशपना देश सोडावा लागला. मायदेशी, जर्मनीत, कोणी त्यांचे कौतुक केले नाही. राजदूताने जरा सांभाळून वागायला हवे होते, असेच लोक म्हणाले. दोन वर्षांनी ते वारले. फादर विलास इंगोलश्टाटच्या चर्चमध्ये आले आणि मी या कपाटात. साफसफाई करणाऱ्यांनी मला फडके समजून माझ्या कापडाने पितळी मेणबत्तीदानेही पुसली. वाईट वाटले, पण सांगणार कोणाला?

एकदा नाताळच्या नाटकाचे कपडे शिवायला त्याच शहरात राहणाऱ्या मराठी कुमुदिनीताई आल्या. सोबत त्यांची मुलगी कुहू होती.

"फादर, हे फडकं टाकून देऊ का?" कुमुदिनीताईंनी विचारले.

फादर विलास खुर्चीत बसले. मग पहिल्यांदाच त्यांनी कोणाला तरी सगळे सांगितले. ऐकताना कुमुदिनीताईंचे डोळे भरून आले. "द्या इकडे. मी नीट शिवून देते."

"नाइन, नाही, आई!" कुहूने मला पोटाशी धरले. "शिवलंस तर मग कुणी विचारणारच नाही."

कुमुदिनीताईंनी मला फक्त धुतले.

मित्रांनो, प्रत्येक जुनी, फाटकी वस्तू जपून ठेवा, असे मी म्हणत नाही. पण टाकण्याआधी मोठ्या माणसांना एकदा विचारा, 'ही कशी फाटली?' आणि सांगता सांगता ते मध्येच थांबले, तर घाई करू नका. त्यांच्याजवळ बसून राहा.