अकराव्या वॉर्डाचा रंग

"माणूस काय खातो यावरून तो कोणाला मत देईल हे ठरतं! जगाचा इतिहास म्हणजे दुसरं तिसरं काही नसून ताटांचा नकाशा आहे!" नगरपालिकेच्या अध्यक्षांनी छातीवर हात ठेवून हे सांगितलं, तेव्हा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर दहा मिनिटं त्यांनी शहराच्या उत्तर भागातल्या, मासे खाणाऱ्या कष्टाळू जनतेचं तोंड भरून कौतुक केलं. मासे खाणारी जनता दक्षिणेला राहत होती. नकाशा उलटा टांगला गेला होता, आणि नदी त्या दिवशी डोंगर चढत होती. हे सगळ्यांनाच दिसत होतं. पण प्रत्येक जण आपल्यापेक्षा वरच्या माणसाने आधी बोलावं म्हणून थांबला होता, आणि सगळ्यात वरचा माणूस तर भाषणच करत होता.

ज्यांनी नकाशा काढला ते मागच्या रांगेत बसले होते. नकाशा विभागात त्यांची तीस वर्षं गेली होती. कानावर कायम पेन्सिल, म्हणून त्यांना सगळे पेन्सिलबुवा म्हणत. लग्नाच्या फोटोतही ती पेन्सिल आहे.

नकाशे खरं तर दोन होते, दोन पारदर्शक फिल्मवर काढलेले. पहिल्यावर आहार: जिथे मांस-मासे-अंडी चालतात ते वॉर्ड विटकरी, जिथे चालत नाहीत ते हिरवे. दुसऱ्यावर राजकारण: अध्यक्षांच्या बाजूचे पिवळे, विरुद्ध बाजूचे जांभळे. खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर एक फिल्म दुसरीवर ठेवली, की कोण काय खाऊन कोणाला मत देतो ते एका नजरेत दिसायचं. ही माहिती पाहणीच्या फॉर्मांतून आली होती. फॉर्ममध्ये तेवीस प्रश्न खाण्याचे आणि चोविसावा, अगदी सहज विचारल्यासारखा, मताचा. निवडणुकीचे जुने आकडे उपयोगाचे नव्हते, कारण मधल्या काळात वॉर्डांची नव्याने आखणी झाली होती.

नकाशे देखणे होते, यात वाद नाही. विभागाच्या मोठ्या साहेबांनी तर ते बघून "वा! चित्रच!" असं म्हटलं. नकाशाला चित्र म्हटलेलं पेन्सिलबुवांना आवडत नसे, पण साहेब एरवी काहीच म्हणत नसत.

सभागृहातल्या त्या समारंभाला तीन आठवडे झाले असतील. एका सकाळी विभागाचं दार धाडकन उघडलं आणि पेन्सिलबुवांची थोरली बहीण आत आली. अकराव्या वॉर्डातल्या शाळेत दुपारचा स्वयंपाक तीच करायची.

"छोट्या!" ती दारातूनच ओरडली. सत्तावन्न वर्षांच्या छोट्याने दचकून मान वर केली. पलीकडच्या टेबलावरचे दोघे फायलीत तोंड खुपसून हसू लागले.

"ताई, ऑफिस आहे हे."

"असू दे. हे वाच आधी."

तिने हातातला कागद टेबलावर आपटला. परिपत्रक होतं. अकराव्या वॉर्डातील रहिवासी अंडी खात नसल्याचे नकाशावरून सिद्ध झाले असल्याने, त्यांच्या भावनांचा आदर राखून, शाळेच्या जेवणातील बुधवारचे अंडे बंद करण्यात येत आहे. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्यास समतोल आहाराचे माहितीपत्रक देण्यात यावे.

"माझी एकशे आठ पोरं आहेत," ताई म्हणाली. "बुधवारी एकही बाक रिकामं नसायचं. तापाने फणफणलेली पोरं यायची, त्यांना अंडं देऊन घरी पाठवावं लागायचं. आणि काल? निम्मी शाळा रिकामी. पहिलीतल्या एका मुलीने तो कागद उलटा केला, सुलटा केला आणि मला विचारलं, 'बाई, हे उकडलंय का?' काय सांगू मी तिला? सांग ना! कोण म्हणतं आमची माणसं अंडी खात नाहीत? कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून निघालं हे?"

पेन्सिलबुवांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत कानावर ठेवली. ते शहाणं डोकं त्या पेन्सिलीच्या अगदी शेजारीच होतं.

त्याचं असं झालं होतं. अकरावा वॉर्ड टेकडीवर. तिथे जायला एकशे नव्वद पायऱ्या. पाहणी करणारे पायथ्यापर्यंत गेले, वर बघितलं, आणि खालच्या टपरीवर चहा पिऊन परत आले. अकराव्या वॉर्डाचे फॉर्म कोरेच राहिले. आता नकाशात भोक ठेवता येत नाही. एखाद्या वॉर्डाची माहिती नसेल, तर त्याला शेजारच्या वॉर्डाचा रंग द्यायचा अशी विभागाची जुनी रीत होती. तिला शेजारधर्म म्हणत. शेजारचा वॉर्ड दहावा: फाटकवाली घरं, अंड्याचं नाव काढलं तर नाक मुरडणारी माणसं, आणि अध्यक्षांचे जन्माचे पाठीराखे. पेन्सिलबुवांनी दुपारच्या चहाआधी अकराव्या वॉर्डात हिरवा भरला आणि चहानंतर पिवळा. हात जरासुद्धा हलला नव्हता.

"ताई, ती चूक माझी आहे," ते म्हणाले.

ताईने परिपत्रक उचललं आणि त्यांच्या हातात ठेवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मग दुरुस्त कर," ती म्हणाली. "पुढच्या बुधवारच्या आत."

पेन्सिलबुवा तडक मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. परवानगी न घेता गेले, हे तीस वर्षांत पहिल्यांदाच.

"साहेब, नकाशात चूक आहे. अकरावा वॉर्ड हिरवा नाही."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "नकाशावर हिरवा आहे ना?"

"नकाशावर आहे. खरोखर नाही."

"हे बघा, बुवा. चूक कच्च्या कागदावर असते तोवर ती चूक. सही-शिक्का झाला की ती माहिती होते. आता त्या लोकांनी जरा सांभाळून घ्यायला हवं."

"म्हणजे काय करायचं त्यांनी? अंडी सोडायची?"

"वाईट काय त्यात? पुष्कळ लोक सोडतात."

पेन्सिलबुवांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, तिथे कोणी विचारायलाच गेलं नाही! आपण एका अख्ख्या वॉर्डाच्या तोंडचा घास काढून घेतला आणि वर त्यांच्या भावनांचा आदर केला म्हणून सांगतो! चोर निदान आदर केला असं तरी सांगत नाही!"

"आवाज खाली. पाहणी दर पाच वर्षांनी होते. पुढच्या वेळी दुरुस्त करू."

"पाच वर्षांत पहिलीतली पोरगी सहावीत जाईल."

"म्हणजे प्रगतीच आहे की," साहेब म्हणाले आणि त्यांनी घंटी वाजवली.

रविवारी पेन्सिलबुवा कोरे फॉर्म घेऊन एकशे नव्वद पायऱ्या चढले. वर पोचेपर्यंत त्यांना पाहणी करणाऱ्यांचं म्हणणं थोडंफार पटलं होतं. ताईने पाणी दिलं आणि त्यांना घरोघरी फिरवलं.

"आजी, तुमच्या घरात अंडी खातात का?" त्यांनी पहिल्याच दारात विचारलं.

"आणली आहेस?" आजी म्हणाली.

"नाही, मी नुसतं विचारतोय."

"मग नुसतं खातो असं लिही."

पुढच्या घरातला गवंडी म्हणाला, "अंडी, मासे, मांस, सगळं खातो. फक्त मिळत नाही. त्याला कुठला रंग आहे?" मताच्या प्रश्नावर तर प्रत्येक दारात हशा झाला. एका बाईने सांगितलं, "भाऊ, इथे पाणी दिवसाआड येतं. मत मात्र दर पाच वर्षांनी न चुकता मागायला येतात. तुम्ही मध्येच कसे आलात?"

शेजारीपाजारीही मदतीला आले आणि संध्याकाळपर्यंत चारशे बारा फॉर्म भरले. अंडी न खाणारी घरं निघाली तीन, आणि त्यातल्या एका घरात खाणारा मुलगा सासुरवाडीला गेलेला होता. सोमवारी तो गठ्ठा साहेबांनी हातात न घेताच परत केला. पाहणीची मुदत संपली होती. शिवाय बुवांनी फॉर्म भरले ते कोणत्या अधिकारात? नकाशेवाल्याने लोकांना भेटणं नियमात बसत नव्हतं.

बुधवार दोन दिवसांवर आला होता.

पेन्सिलबुवा आपल्या टेबलापाशी आले. त्यांनी दोन्ही मूळ फिल्म कपाटातून काढल्या, टेबलाचा दिवा लावला आणि ब्लेड घेतलं. फिल्मवरची शाई खरवडावी लागते. हलक्या हाताने, नाहीतर फिल्म फाटते. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका अशाच खरवडल्या होत्या. आता पहिल्यांदाच ते स्वतःची चूक खरवडत होते. आधी हिरवा निघाला, मग पिवळा. खालच्या दिव्याचा उजेड थेट वर आला. रंग भरलेल्या शहराच्या मधोमध अकरावा वॉर्ड पांढराशुभ्र. त्यांनी त्यात बारीक अक्षरात लिहिलं: येथे कोणी गेले नाही.

मग ते वाट बघत बसले. नोकरी जाईल हे ते धरूनच चालले होते. जाताना काय बोलायचं तेही मनात तयार होतं, सात मुद्दे, क्रमवार.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष स्वतः आले. निवडणूक दोन महिन्यांवर होती आणि रोज सकाळी त्या टेबलावर ओणवं होऊन ते आपलं पिवळं राज्य बघून जायचे. मागे मोठे साहेब उभे होते. अध्यक्ष वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"हे पांढरं काय आहे?"

"अकरावा वॉर्ड," पेन्सिलबुवा म्हणाले. आवाज चढलाच. "तिथली माणसं काय खातात, कोणाला मत देतात, आपल्याला काहीही माहीत नाही! ना कोणी गेलं, ना कोणी विचारलं, आणि तरीही…"

"थांबा," अध्यक्षांच्या कपाळावर घाम आला. "काल हा पिवळा होता. आपला होता. आता तो कोणाचा आहे हे माहीतच नाही?"

"कोणाचाही नाही, साहेब. तोच तर माझा पहिला मुद्दा…"

"कोणाचाही नाही!" अध्यक्ष मोठ्या साहेबांकडे वळले. "कुठेही झुकू शकणारा वॉर्ड, आणि मला आज कळतंय! तिथे आपण काय दिलं आहे?"

"माहितीपत्रक," साहेब पुटपुटले.

"अंडी सुरू करा. उद्यापासून. मुलामागे दोन."

"पण साहेब," पेन्सिलबुवा ओरडलेच, "ती मुलं अंडी खातात, त्यांच्या हक्काची आहेत, म्हणून द्या! वॉर्ड कोणाचा ते माहीत नाही म्हणून काय देता? उद्या तुम्हाला कळलं की तो तुमचाच आहे, तर पुन्हा बंद कराल?"

"अर्थात," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "आपल्या माणसांना कशाला द्यायचं? ती आपलीच असतात." आणि जाता जाता त्यांनी बुवांच्या पाठीवर थाप मारली. "फार नाजूक काम केलंत हो! हा वॉर्ड हातून निसटलाय हे कोणाच्या लक्षात आलं नसतं."

सात मुद्दे बुवांच्या घशात तसेच राहिले. नोकरीही राहिली. दुपारपर्यंत बातमी गावभर झाली आणि चार वाजता दहाव्या वॉर्डाचे नगरसेवक हळूच आत येऊन खुर्ची ओढून बसले.

"बुवा, आमचाही वॉर्ड जरा पुसून द्या की."

"तुमचा रंग खरा आहे!"

"म्हणून तर. पंधरा वर्षं पिवळे आहोत, अजून साधा रस्ता झाला नाही."

बुधवारी पेन्सिलबुवांनी रजा टाकली आणि भर दुपारी टेकडी चढून शाळेच्या स्वयंपाकघरात शिरले. चुलीवर दोन मोठी पातेली होती. खिडकीबाहेर मुलांचा गोंगाट चालला होता. एकही बाक रिकामं नसावं असा.

"ताई, ही अंडी घेऊ नकोस!" ते धापा टाकत म्हणाले. "परत पाठव! ही हक्काची नाहीत, ही भीतीची अंडी आहेत. मी अर्ज लिहिलाय, सात मुद्द्यांचा. आधी त्यांनी लेखी कबूल करायला हवं की कोणी विचारायला आलं नव्हतं. दोन महिन्यांनी हेच लोक पुन्हा रंग भरतील आणि पुन्हा… तू ऐकते आहेस ना?"

"ऐकते आहे," ताई पातेल्यातलं गरम पाणी ओतता ओतता म्हणाली. "दोन महिन्यांनी भरतील तेव्हा तू पुन्हा खरवड. खरं ते तू म्हणतोस तेच आहे."

"मग?"

"मग काय? दोनशे सोळा आहेत आणि मी एकटी. हात धू आणि सोलायला बस. आणि छोट्या, सालं बादलीत टाक, खाली नको."