मोरीवरचा पुदिना

मनकर्णाला नवऱ्याबद्दल कोणी काही बोललं तर ती हसून सोडून देई. पुदिन्याबद्दल मात्र एक शब्द खपवून घेत नसे. खर्डा गावाच्या अलीकडे माळावर त्यांची वस्ती. उन्हाळा लागला की बोअर घोट घोट पाणी टाकते, बांधावरचं गवत करपून जातं, आणि अशा मुलखात मनकर्णाच्या घरामागे बारा महिने पुदिना नुसता माजलेला! त्यात जादू काही नव्हती. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी मोरीतून जिथे बाहेर पडतं तिथेच तो लावलेला. त्या भागात सगळे तसाच लावतात. प्यायला टँकरची वाट बघणारी माणसं पुदिन्याला वेगळं पाणी कुठून घालणार?

"बाजारचा पुदिना म्हंजी नुसता पाला," ती येईल त्याला ऐकवी. "माजा पुदिना डोळं झाकून वासावर वळखीन मी."

त्यात तिची लेक आरती पोटुशी राहिली, आणि तिला डोहाळे कशाचे लागावेत? चिंचेचे नाहीत, कैरीचे नाहीत, पुदिन्याचे! सासरहून रोज फोन. "आई, तुझ्या हातची पुदिन्याची चटणी खावीशी वाटतीया गं." मग काय विचारता, मनकर्णाला आभाळ ठेंगणं झालं. सातव्या महिन्यात लेकीचं डोहाळजेवण आपल्याच घरी करायचं आणि पानात झाडून सगळं पुदिन्याचं वाढायचं, असं तिने ठरवूनच टाकलं.

त्या सकाळी तिने विळा घेऊन पाटीभर पुदिना कापला आणि सुनेपुढे ठेवला. "निवड गं. देठं बारीक घे, जून पानं काढून टाक."

सून स्नेहल बेलापूरची, बागायतातली. लग्नाला दोन वर्षं होत आली होती, पण अजून घरात तिचा आवाज फारसा ऐकू येत नसे. सासूला ती आत्या म्हणे, सासऱ्याला मामा, सांगितलेलं काम करी आणि उलट कधी बोलत नसे. "व्हय आत्या," म्हणून ती पाटी घेऊन आत गेली आणि जरा वेळाने निवडून, धुऊन, हिरवीगार पानं परातीत घेऊन आली.

मनकर्णाने पदर खोचला आणि लागली कामाला. हिरवी मिरची, लसूण, भाजलेले शेंगदाणे घालून पाट्यावर चटणी वाटली. मसालेभातात मूठभर पानं टाकली, तीही भात खाली उतरवताना, कारण आधी टाकली की काळी पडतात. बेसनात चिरून घालून भजी तळली. मठ्ठ्यासाठी आल्याजिऱ्याबरोबर पुदिना खलबत्त्यात ठेचला. मिक्सरला लावायचा नाही, कडवट होतो, हे तिने आल्यागेल्या प्रत्येक बाईला सांगितलं. सरबत गुळाचं, त्यात लिंबू, सैंधव आणि चुरगाळलेली पानं. विहीण पुष्पावतीबाई टेकतात न टेकतात तोच मनकर्णाने मूठभर पानं त्यांच्या नाकाशी नेली.

"घ्या वास, इनबाई! असला पुदिना तुमच्याकडं न्हाई मिळायचा."

"न्हाई बाई," पुष्पावतीबाई म्हणाल्या. त्या कारखान्यावरून ऊसतोडीचा हंगाम संपवून नुकत्याच घरी परतल्या होत्या, आणि कोणी आयतं वाढतंय यातच खूश होत्या.

हिरवी साडी नेसून, फुलांच्या वाड्या घालून आरती पाटावर बसली. बायकांनी गाणी म्हटली, ओटी भरली, पानं वाढली. आरती इतकी मन लावून जेवली की बघणाऱ्यांचंच पोट भरावं. चटणी दोनदा मागून घेतली, सरबताचे दोन गिलास संपवले. तिसऱ्याला ती नको नको म्हणत होती, पण मनकर्णा ऐकते होय?

"पी गं! पोटातल्याला बी कळू दी आजीचा पुदिना."

आरती हसली आणि तो गिलासही संपवला.

मनकर्णाचा नवरा कानिफनाथ खर्ड्याहून बर्फ घेऊन उशिराच आला. गाडी वाटेत पंक्चर झाली म्हणे. मुलगा ओमने पडवीत त्याचं ताट मांडलं. कानिफनाथने भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, तोंडापर्यंत नेला आणि तसाच थांबला.

"ह्यो पुदिना कुठला गं?"

"कुठला म्हंजी? मोरीवरचा. घरात पुदिना आसताना काय बाजारात जाऊ?"

"कवा तोडला?"

"तुमी खर्ड्याला गेल्यावर. का वो?"

कानिफनाथच्या हातातला घास ताटात पडला.

"अगं, पहाटं तिथं मी औषध मारलंय!"

"कसलं औषध?"

"तणाचं! बांधावर मारून पंपात थोडं उरलं हुतं. पावनं येनार, मोरीपाशी गाजरगवत माजलेलं, म्हनलं वाया कशाला घालवा. पुदिन्यावर बी उडालं. तुला सांगायचं हुतं गं, पर बर्फाच्या नादात राह्यलं."

मनकर्णाच्या कानात नुसतं घुंऽऽ झालं. नवऱ्याचे ओठ हलताना तिला दिसत होते, पण शब्द ऐकू येईनात. तणाचं औषध! मागच्या साली शेजारच्या वस्तीवरच्या म्हशीने फवारलेल्या बांधावर तोंड घातलं होतं, ती परत उठली नव्हती. ती म्हैस तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि मग समोर बसलेली आरती दिसली, हातात रिकामा गिलास धरलेली.

एकच कल्ला उठला. पुष्पावतीबाईंनी तोंडातलं भजं थुंकलं आणि "माझी सून! माझी सून गं!" करत छाती बडवायला लागल्या. कोणी मिठाचं पाणी पाजा म्हणे, कोणी उलटी काढू नका म्हणे, कोणी देवाला साकडं घालत होतं. ओम चपला न घालताच जीप काढायला पळाला. कानिफनाथ कपाळाला हात लावून बसला तो बसलाच.

"आई," आरती पोटावर हात ठेवून म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता. "आई, बाळ हलत न्हाई गं."

तिसरा गिलास मी पाजला, ह्या माझ्या हाताने पाजला! ती नको म्हणत होती आणि मी बळंच पाजला! मनकर्णाने आरतीला काखेत धरून कशीबशी उठवली आणि दाराकडे ओढत निघाली.

स्नेहल तेवढी तिथे नव्हती. ती घरामागे भांडी घासत होती. आरडाओरडा ऐकून ती ओल्या हातांनी धावत आली. काय झालं ते एका बाईने रडत रडत तिला सांगितलं. स्नेहलचं तोंड पांढरंफटक पडलं, आणि ती सरळ दारात आडवी उभी राहिली.

"आत्या, थांबा. तो पुदिना मोरीवरचा न्हवता."

"काय म्हनलीस?"

"बाजारचा हुता. खर्ड्याच्या बाजारातनं मीच आनलेला. फ्रिजमधी ओल्या फडक्यात ठिवला हुता. तुमी दिलेला मी टाकून दिला."

बाहेर जीप घरघरत होती.

"का?" मनकर्णाने विचारलं.

"मामा मिश्री लावून मोरीवरच थुकत्यात. समद्यांचं न्हाणं, भांड्याचं खरकटं, समदं तिथंच जातं. माज्या घशाखाली तो कवा उतरलाच न्हाई, आत्या. पयल्या दिवसापास्नं. तुमी तोडून द्याच्या, मी बदलायची."

पहिल्या दिवसापासून! म्हणजे दिवाळीला भावकीने वाखाणलेला मठ्ठा? आरतीला डबा भरभरून धाडलेली चटणी? आणि आज इनबाईंच्या नाकाशी नेलेला तो वास? तो सगळा बाजारचा पाला? मनकर्णा सुनेकडे बघतच राहिली. घरात दोन वर्षं वावरणारी ही बाई तिला आज पहिल्यांदा दिसत होती.

"ओम, बंद कर जीप," कानिफनाथ सुटकेचा श्वास टाकून म्हणाला.

"बंद करू नगं!" मनकर्णा कडाडली. "दोन वरसं ही माज्या तोंडावर खोटं बोलली. आता खरं बोलती कशावरून? आपल्याला धीर द्यायला बोलत आसंल! माजी लेक मरायला टेकलीया आन् मी हिच्या शब्दावर बसून राहू?"

स्नेहलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ती वाद घालत बसली नाही. तिने सासूचं मनगट पकडलं आणि तिला ओढतच मागच्या दाराने बाहेर काढलं, गोठ्याला वळसा घालून थेट उकिरड्यापाशी नेलं. मागोमाग सगळी वरात.

"बघा."

कांद्याच्या टरफलांखालून हिरवं डोकावत होतं. मनकर्णा नव्या साडीनिशी शेणात गुडघ्यांवर बसली आणि टरफलं दोन्ही हातांनी बाजूला सारायला लागली. खाली तिचाच पुदिना होता, तिच्याच विळ्याने कापलेला, जांभळट देठांचा, पेंढीच्या पेंढी. पानं मलूल पडली होती आणि कडांना पिवळी झाली होती. एरवी कोणी तिचा पुदिना असा उकिरड्यात टाकलेला दिसता तर मनकर्णाने वस्ती डोक्यावर घेतली असती. आता ती एकेक पेंढी उचलून बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"समदा हाय का गं? एक काडी बी आत राह्यली न्हाई ना?"

"न्हाई आत्या. पाटी उपडी करून झटकलीया."

"बरं केलंस. लई बरं केलंस, माजे बाय."

"आई, हललं गं बाळ," मागून आरती म्हणाली.

स्नेहल खाली मान घालून उभी होती. सासू आता कधी पेटते याची वाट बघत असावी.

"उद्या भांडायचंय मला तुज्यासंगं," मनकर्णा नाक पुसत म्हणाली. "लई मोटं भांडायचंय. आज न्हाई."

मग तिने दोन्ही हातांनी त्या पुदिन्यावर शेण आणि माती ओढून घेतली, शेरडांनी तोंड घालू नये म्हणून चांगली दाबून बसवली, आणि सुनेच्या खांद्याचा आधार घेऊन उठली.