माझ्या कडीला तेल घालू नका

बसायचं असेल तर बसा, पण पाय झाडून बसा. मी झोपाळा बोलतोय, नांद्याच्या गोजराबाईंच्या हॉलमधला. करकर ऐकून दचकू नका. तो माझा आवाज आहे, आजार नाही.

मुळात मी कोळवणचा. वादळात फणस आडवा झाला, त्याच्या खोडाची मी फळी. गोजराच्या वडिलांनी एकनाथ सुताराला सांगितलं, लेकीच्या लग्नाआधी झोपाळा झाला पाहिजे. एकनाथ घाईचा माणूस. तीन कड्या एका मापाच्या लावल्या आणि चौथी कुठली तरी उचलून अडकवली. पहिल्या झोक्यालाच ती चौथी करकरली. एकनाथ म्हणाला, "बदलून देतो."

वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पोरगी घरात हाय का गावात हिंडतीय, तेवढं तरी कळंल."

तेव्हा माझी करकर जन्मापासूनची, आणि कामाची. मी गोजराबरोबर एकाच बैलगाडीतून नांद्याला आलो, म्हणून तिला एकेरीच म्हणतो. तिनं कधी राग धरला नाही.

पुढं नांद्याच्या भातखाचरांत भाताऐवजी बिल्डिंगा उगवल्या. आमच्याही घराला स्लॅब पडला आणि मला छतात नवे हूक मिळाले. मुलगा आणि सून वरच्या मजल्यावर गेले. दोघंही नोकरीचे. त्यांची पोर गौतमी, पंधरा वर्षांची, पूर्वी दिवसभर माझ्यावर लोळत आज्जीचं डोकं खायची. तिला फोन मिळाला आणि आज्जीच्या वाट्याला नुसता एक "हं" उरला. गोजरा विचारायची, "जेवलीस?" हं. "शाळेत काय झालं?" हं. "घराला आग लागली." हं.

गोजराला गुडघ्यांमुळं जिना चढवत नाही. तिनं खालचं स्वयंपाकघर आणि मागची खोली ठेवून घेतली, आणि हॉल भाड्यानं दिला.

भाडेकरू आले ते विद्यापीठातले. वयात येणाऱ्या मुलांच्या मनात काय चालतं ते शोधणारी प्रयोगशाळा म्हणे. मला वाटलं, बाटल्या येतील, बेडूक येतील. गोजरानं तर तोंडावर विचारलं, "उंदीर-बिंदीर आणणार का?"

"नाही हो आजी," सुलक्षणा मॅडम हसल्या. "तेरा ते सतरा वर्षांची मुलं येतील."

"मग उंदीर परवडलं असतं. बरं, या. पर झोपाळा काढायचा न्हाई."

सुलक्षणा मॅडम तिथल्या मुख्य. जगातल्या मुलांची मनं त्यांना पाठ, पण त्यांचा स्वतःचा मुलगा घरी दार लावून बसतो. एका सकाळी त्या आनंदानं सांगत आल्या, "काल त्यानं जेवताना माझ्याकडे मीठ मागितलं!" सगळ्यांनी अभिनंदन केलं. दुसरी जान्हवी. चार वर्षं ह्याच कामावर आहे. मुलांना इतक्या मऊ आवाजात विचारते, "आईशी मोकळेपणानं बोलता येतं का?" आणि स्वतःच्या आईचा फोन आला की तो माझ्या फळीवर पालथा टाकते. तिसरा निरंजन. दाढी वाढवलेला, कानांना दोन वाट्या लावून बसतो आणि मुलांचं बोलणं भरून घेतो. तिघंही चहाचे कप माझ्यावर ठेवतात. मला वाचता येत नाही, पण अंगावरचे डाग मोजता येतात.

भिंतीवर त्यांनी एक पाटी लावली. गोजरानं ती जान्हवीकडून वाचून घेतली. "या खोलीत बोललेलं या खोलीतच राहील."

"लई चांगलं," गोजरा म्हणाली.

हे लक्षात ठेवा.

काम असं होतं की चाळीस मुलांची बोलणी दिवाळीच्या आत विद्यापीठात द्यायची. नाहीतर नांद्यातली खोली बंद, आणि जान्हवीची चार वर्षं वाया. आणि मुलं काही बोलायला तयार नव्हती. त्यांच्यासाठी दोन मऊ खुर्च्या आणल्या होत्या. मूल त्यात रुतायचं आणि गुडघे हनुवटीला लागायचे.

"कसं वाटतंय?"

"ठीक."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे ठीकच."

एके दिवशी पलीकडच्या सोसायटीतला निषाद आला. लांब टांगांचा मुलगा, खुर्चीत मावेना. उठला आणि माझ्यावर बसला. पायानं रेटा दिला, मी करकरलो, आणि त्याचं तोंड उघडलं ते पाऊण तास मिटलं नाही. मग जो येईल तो माझ्यावर. गावातली आली, सोसायटीतली आली. कुणाला काय सलतं, कोण कुणावर रुसलं, स्कूटरचा आरसा फोडून माकडावर कुणी ढकललं, सगळं मी ऐकलं. ह्यातलं एक अक्षर मी तुम्हाला सांगणार नाही. माकडाचं निसटलं, तेवढं सोडा.

गणपतीपर्यंत बावीस मुलं झाली. जान्हवी खूश. निरंजन मात्र कपाळ धरून बसलेला. त्याच्या यंत्रात मुलांपेक्षा मीच जास्त बोललो होतो. तो ऐकायचा, "मला सगळ्यात जास्त भीती…" करकर. "आणि बाबांना मी कधीच…" करकर. महत्त्वाचं आलं की मुलं जोरात झोका घ्यायची, त्याला मी काय करू?

"ह्याला तेल घालू," निरंजन म्हणाला.

आधी खोबरेल घातलं, मग शिवणयंत्राचं, शेवटी गॅरेजवाला येऊन बोटभर ग्रीस थापून गेला. आणि मी मुका झालो. आयुष्यात पहिल्यांदा. झोका जायचा, झोका यायचा, हूं नाही का चूं नाही. निरंजन म्हणाला, "क्लास!"

दुसऱ्या दिवसापासून मुलंही मुकी झाली.

"कसं वाटतंय?" ठीक. ओळीनं आठ मुलं, आठ ठीक. तिघांची जी पळापळ झाली! मॅडमनी पांढऱ्या फळ्यावर बाण काढले. एक दिवस कारण ठरलं परीक्षेचा ताण, दुसऱ्या दिवशी गणपती गेल्याची उदासी. मग संशय निरंजनच्या दाढीवर आला. बिचाऱ्यानं दाढी काढली. त्याचा तो चेहरा बघून एक मुलगी उलट दचकलीच.

शेवटी माझ्यावर आलं. मॅडम म्हणाल्या, "झोक्यानं त्यांचं लक्ष उडतंय. झोपाळा काढू या." कोळवणला फार्महाऊस घेतलेल्या कुणा साहेबांना जुना झोपाळा हवाच होता. सोमवारी टेम्पो येणार होता. गोजरा आधी चिडली, मग म्हणाली, "त्या पोरीची चार वर्सं जात्यात म्हणता? मग न्या." आणि पदरानं माझी फळी पुसली. मुक्यानं कसं सांगावं, की मला खरं कारण माहीत आहे?

ते असं. माझ्यामागं चार हातांवर स्वयंपाकघराचं दार. पलीकडं गोजरा इंद्रायणी तांदूळ पाखडत बसायची. सूप फटफट वाजायचं. मी करकरत होतो तोवर तिला इकडचं काही ऐकू जात नव्हतं. तेलानंतर सगळं लख्ख जायला लागलं. मूल मनातलं बोलायला लागलं, की सुपाची फटफट थांबायची. मूल गप्प झालं, की पुन्हा फटफट. निरंजनच्या कानांवर वाट्या, जान्हवी आपल्या कागदांत. हे फक्त मुलांना कळत होतं, कारण कोण ऐकतंय ह्याचं भान मुलांइतकं कुणाला नसतं.

शनिवारी एकतिसावी आली ती गौतमी. माझ्यावर बसली, एक झोका घेतला.

"घरी कुणाशी बोलावंसं वाटतं?" जान्हवीनं विचारलं.

गौतमी काही म्हणणार, एवढ्यात सूप थांबलं. तीही थांबली.

"ताई, ह्याला तेल कुणी घातलं?"

"निरंजननं. का गं?"

"मग बरोबर. आज्जी ऐकतीय. सूप थांबलं बघा."

निरंजननं वाट्या काढल्या. तिघांनी कान दिला. शांत. मग एकदम सूप असं वाजायला लागलं, जसं काही सबंध मुळशी तालुक्याचा तांदूळ आजच पाखडून संपवायचा होता.

"मी कुटं ऐकतीय?" आतून आवाज आला. "मी तांदूळ पाखडतीया!"

"आज्जी, तांदूळ कालच डब्यात भरलेस. मीच डबा वर ठेवला."

सूप थांबलं. गोजरा दारात आली, हातात रिकामं सूप. मॅडमनी एकदा पाटीकडं पाहिलं, एकदा दाराकडं. जान्हवीनं तर आपली जीभच चावली.

"हं म्हणती मला," गोजरा म्हणाली. "निस्तं हं. म्हणलं, ह्या बायांपाशी तरी काय बोलती बगावं. पोरगी बरी हाय का न्हाई, येवढंच."

गौतमी खाली मान घालून माझ्या फळीवरचा चहाचा डाग नखानं खरवडत राहिली.

गोजरानं मनात आणलं असतं तर ती पुढंही चोरून ऐकू शकली असती. मी मुका होतो आणि दार तिचं होतं. ती म्हणाली, "निरंजन, बंबातली राख आण. आन् गरम पाणी. घास ती कडी."

तिनं स्वतः समोर उभं राहून माझं ग्रीस काढून घेतलं. तास लागला. पहिला झोका रुसला, दुसरा घुटमळला, तिसऱ्याला मी असा करकरलो की वरच्या मजल्यावरून सून डोकावली.

"पण माझं रेकॉर्डिंग?" निरंजन म्हणाला.

"मुलांच्या कॉलरला लावायचा छोटा माईक मिळतो ना?" जान्हवी म्हणाली. "हे आधी का नाही सुचलं तुला?"

"आधी तेल सुचलं."

टेम्पो आला तसा रिकामा गेला. ठीक म्हणणारी आठही पुन्हा येऊन बोलून गेली. दिवाळीला दोन दिवस असताना चाळिसावं मूल माझ्यावरून उतरलं. खोली राहिली. जान्हवीनं पेढे वाटले, आणि आईचा फोन आला तेव्हा चक्क उचलून अंगणात गेली. गौतमीही बोलली होती, चांगली तासभर. गोजरा तेवढा वेळ मुद्दाम मागच्या परसात जाऊन बसली होती.

परवा दुपारी हॉल रिकामा होता. गोजरा माझ्यावर बसली, हळूच विचारलं, "तुला तर ठावं आसंल रं. काय म्हणली माझी पोर? बरी हाय न्हवं?"

मी करकरलो. दुसरं येतं काय मला?

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. गौतमी आली, आज्जीशेजारी बसली. फोन वर ठेवून आली होती. दोघींनी दोन-चार झोके घेतले. मी माझा चालूच, करकर, करकर.

मग गौतमीनं पाय जमिनीला टेकवून मला थांबवलं.

"ऐक आज्जी," ती म्हणाली.

पुढं ती काय बोलली? पाटी वाचा की. आणि जाताना तेवढी तेलाची बाटली माझ्यापासून लांब ठेवा.