दोन कुलपांचा दरवाजा

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. घराचा नव्हे, तळ्याचा. तळं वरच्या देशात, त्यातून निघणारा ओढा खालच्या देशात आणि मी बरोबर मध्ये उभा. लोहारानं मला दोन कुलपं लावली आणि दोन देशांना एकेक किल्ली दिली. दोन्ही कुलपं निघाल्याशिवाय माझं चाक फिरत नाही. एकट्याच्या मर्जीनं पाणी हलू नये, एवढाच त्यातला हेतू.

रोज सकाळी वरचा राखणदार आणि खालची राखणदारीण यायची.

"भावोजी, तुमच्या देशात सूर्य उशिरा उगवतो का हो?" ती चिडवायची.

"सूर्य वेळेवर येतो, वहिनी. चहाच उशिरा उकळतो!"

मग दोघं मिळून चाक फिरवायची. येणारेजाणारे माझं कौतुक करायचे आणि मी फुगून जायचो.

एका उन्हाळ्यात तळं आटू लागलं. वरच्या कचेरीनं राखणदाराला बजावलं, कुलूप उघडायचं नाही. वहिनीनं आपलं कुलूप काढलं आणि चाकावर हात ठेवून ती उभी राहिली.

"भावोजी, रोपं माना टाकताहेत. वीतभर तरी उघडा!"

"हुकूम आहे, वहिनी." तो माझ्याकडे बघत बोलला, तिच्याकडे नाही.

ती रोज येत राहिली, आपलं कुलूप काढून वाट बघायची आणि पुन्हा लावून परत जायची. शेवटी तिचं सगळं शेत वाळलं. मित्रांनो, माझ्या पाठीला पाणी टेकलेलं होतं आणि पुढ्यात जमिनीला भेगा पडत होत्या. दरवाजा असून मी भिंत झालो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पुढे पावसाळा लागला आणि माझ्या खालच्या बाजूच्या झऱ्यांचं पाणी ओढ्यात उतरलं. अंडी घालायला तळ्यात चढणारे मासे माझ्यावर येऊन थडकू लागले. वर कोळ्यांची जाळी रिकामी निघाली, तेव्हा कुठे कचेरीचे डोळे उघडले. राखणदार किल्ली घेऊन धावला. पण दुसरं कुलूप? मान खाली घालून तो वहिनीच्या दारात गेला.

ती आली. माझ्या पायाशी तडफडणाऱ्या माशांकडे बघत राहिली. आता ही नाही म्हणणार, असं मला वाटलं. म्हणाली असती तर तिचं काय चुकलं असतं?

"उघडते," ती म्हणाली. "या मुक्या जिवांनी माझं काय घोडं मारलंय?"

चाक फिरलं. मासे तळ्यात चढले.

मित्रांनो, मला तेल द्या, रंग द्या, पण त्याआधी एवढं करा: पाणी दोघांचं असेल, तर टंचाईतही घोटभर का होईना, वाटून प्या. भरल्या तळ्याचा दिलदारपणा काय कामाचा? आज माझ्याखालून पाणी खळाळत जातं, पण खालच्या शेताकडे बघायचं धाडस मला अजून होत नाही.